'मला काय कळणार?' : सिंफनीच्या दारातला सहज श्रोता

(मांजरसुंबा येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

 

आयोजकांनी फोनवर विचारलं, सर, विषय काय लिहायचा? मी म्हणालो, लिहा, 'सिंफनी ऐकायला गेलेला सामान्य माणूस'. फोनवर थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग ते हळूच म्हणाले, 'सर, मांजरसुंब्याला?' (हशा)

त्यांचा प्रश्न बरोबर आहे. बीडहून सोलापूरकडे जाणारा रस्ता आणि पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता इथं एकमेकांना छेदतात. ट्रक थांबतात, माणसं चहा पितात, पुढं जातात. जवळच कपिलधार आहे, मन्मथस्वामींची समाधी आहे. इथं कीर्तन चालतं, शिवकीर्तन चालतं, सप्ताह चालतो. सिंफनीचा इथं काय संबंध? पण 'इथं काय संबंध' हे वाक्य जरा उलटं करून बघा. 'तिथं आपला काय संबंध' असं ते होतं. आणि या दुसऱ्या वाक्याशी माझं भांडण आहे. आज मी ते भांडणच मांडणार आहे.

सुरुवात एका माणसापासून करतो. नाव सांगत नाही. याच भागातला, माझा जुना विद्यार्थी. बी. ए.ला तत्त्वज्ञान घेतलं होतं, आणि तत्त्वज्ञान घेतल्यावर जे होतं ते झालं, मुंबईत ड्रायव्हर झाला. (हशा) हसू नका, उत्तम ड्रायव्हर आहे. त्याच्या मालकांना पाश्चात्त्य संगीताची आवड. महिन्या-दोन महिन्यांनी तो त्यांना मैफलीला घेऊन जातो आणि दोन-अडीच तास गाडीत बसून राहतो. एकदा मला म्हणाला, 'सर, आत नेमकं काय असतं हो?' मी म्हणालो, एकदा तिकीट काढ आणि बघ. तो म्हणाला, 'नको सर. मला काय कळणार?'

हे वाक्य मी चाळीस वर्षं वर्गात ऐकलं आहे. कांटबद्दल ऐकलं, शंकराचार्यांबद्दल ऐकलं. पण त्या दिवशी मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. कारण त्याच्या काही महिने आधी मी स्वतः आत जाऊन, फजिती करून घेऊन बाहेर आलो होतो.

ती फजिती सांगतो. सभागृहाचं नाव सांगत नाही, कारण त्यात सभागृहाचा दोष नाही. मुलीनं तिकीट काढलेलं. मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाद्यवृंद समोर बघत होतो. ऐंशीच्या आसपास माणसं, काळे कपडे, आणि कुठंही माईक नाही. हे मला आधी लक्षातच आलं नाही. आपल्याकडं बारशालाही लाऊडस्पीकर असतो. इथं एवढं मोठं सभागृह, आणि आवाज पोचतो तो लाकूड, तार, फुंकर आणि भिंती यांच्या जोरावर. सुरुवातीला ओबो नावाचं वाद्य एकच सूर धरतं, आणि बाकी सगळे त्याला आपापलं वाद्य जुळवून घेतात. ते ऐकून मला आपला पखवाजवाला आठवला. डाव्या पुडीला कणीक लावतो, ठोकून बघतो, पुन्हा थोडी काढतो. जगात कुठंही जा, आधी जुळवावं लागतं.

मग कंडक्टर आला. आपल्याला कंडक्टर म्हटलं की एसटीचा आठवतो, पण कामात फार फरक नाही. कुणी कुठं चढायचं, कुणी कुठं उतरायचं, हे तोच सांगतो. (हशा)

त्या दिवशी चायकोव्हस्कीची सहावी सिंफनी होती. तिला 'पाथेटिक' म्हणतात. 1893 साली सेंट पीटर्सबर्गला तिचा पहिला प्रयोग झाला, त्यानं स्वतःच संचालन केलं, आणि त्यानंतर नऊ दिवसांत तो वारला. हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी मला एवढंच माहीत होतं की सिंफनीचे सहसा चार भाग असतात. तिसरा भाग आला. तो लष्करी कूच असते तसा आहे, चढत चढत जातो आणि शेवटी असा दणका देतो की माणूस खुर्चीवर ताठ होतो. दणका झाला, आणि मी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. माझ्यासारखे आणखी पाच-दहा जण असतील. शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडं पाहिलं. बोलले काहीच नाहीत, नुसतं पाहिलं. लग्नात पाहुण्याच्या ताटात हात घातल्यावर लोक पाहतात, तसं.

चौथा भाग सुरू झाला. हा भाग संथ आहे, दुःखाचा आहे, आणि तो मोठ्यानं संपत नाही. शेवटी फक्त खालच्या सुरांची मोठी तंतुवाद्यं उरतात आणि त्यांचा आवाज विझत जातो. त्याच भागात, शेवटाकडं, मोठ्या धातूच्या थाळीवर एकच हलका ठोका आहे. संपूर्ण सिंफनीत त्या थाळीला तेवढंच काम. हेही मी नंतर वाचलं. मी तिथं हजर होतो, ठोका वाजला असणार, पण मी ऐकला नाही. कारण तो सगळा वेळ माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, आपण अडाणी ठरलो. वयाची सत्तरी ओलांडलेला, डॉक्टरेट झालेला माणूस, आणि कान लाल झालेले.

मंडळी, माझं नुकसान टाळ्यांनी झालं नाही, लाजेनं झालं. टाळ्या पाच सेकंदांच्या. लाजेनं माझा अख्खा चौथा भाग खाल्ला.

घरी आल्यावर माझ्यातला मास्तर जागा झाला. मी शोधलं, हा नियम आला कुठून? दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत, हे कुणी ठरवलं?

1778 साली मोझार्ट पॅरिसला होता. तिथल्या श्रोत्यांसाठी त्यानं सिंफनी लिहिली आणि वडिलांना पत्रानं हकिकत कळवली. एक जागा त्यानं मुद्दाम अशी बांधली होती की लोकांना आवडलीच पाहिजे. लोकांनी तिथं टाळ्या वाजवल्या. दोन भागांच्या मध्ये नाही, भाग चालू असताना! मोझार्ट रागावला का? तो खूश झाला, आणि कार्यक्रम संपल्यावर जाऊन बर्फाची मिठाई खाल्ली. 1813 साली व्हिएन्नात बेथोव्हनची सातवी सिंफनी पहिल्यांदा वाजली. लोकांना दुसरा भाग इतका आवडला की तो पुन्हा वाजवावा लागला. आपल्याकडं 'वन्स मोअर' म्हणतात, तेच. 1824 साली नवव्या सिंफनीच्या वेळी बेथोव्हनला काहीच ऐकू येत नव्हतं. एका गायिकेनं त्याला श्रोत्यांकडं वळवलं, तेव्हा त्याला टाळ्या दिसल्या.

म्हणजे ज्यांची नावं घेऊन आपण गप्प बसतो, ते स्वतः दाद मिळाली की सुखावत होते. ही शांततेची शिस्त एकोणिसाव्या शतकात हळूहळू आली आणि विसाव्या शतकात पक्की झाली. तिचं वय दीड-पावणेदोनशे वर्षं. पण वागणं असं, जणू वेदातून आली आहे.

आता दुसरी बाजू मांडतो, नाहीतर मी वकील ठरेन. या शिस्तीला कारण आहे. मेंडेलसोननं 1842 च्या आपल्या 'स्कॉटिश' सिंफनीचे भाग मध्ये न थांबता वाजवावेत अशी सूचना केली. म्हणजे भावावस्था मध्ये तुटत नाही. हे पटण्यासारखं आहे. दुसरं कारण माईकचं. वाद्यवृंद अगदी बारीक सूर काढतो तेव्हा एका माणसाचा खोकला हजार माणसांचा सूर खातो. चायकोव्हस्कीच्या सिंफनीत तिसरा भाग आणि चौथा भाग यांच्यामधली जी फट आहे, तिच्यात जयघोषातून थेट शोकात पडायचं असतं. माझ्या टाळ्यांनी ती फट बुजवली. शेजारच्या गृहस्थांची तक्रार त्या अर्थानं खोटी नव्हती.

मग माझी तक्रार कशाबद्दल आहे? शिस्तीबद्दल नाही. शिस्त हा जातीचा दाखला होतो, त्याबद्दल आहे. शिस्त संगीतासाठी असेल तर ती नवख्याला आपुलकीनं सांगता येते. पण ती 'आपले' आणि 'परके' ओळखण्यासाठी वापरली, की नवखा दारातूनच म्हणतो, मला काय कळणार. आणि हे फक्त पाश्चात्त्यांचं पाप नाही. आपल्या शास्त्रीय मैफलीतही चुकीच्या जागी 'वाहवा' म्हणणाऱ्याकडं जाणकार कसे बघतात, ते मी पाहिलं आहे. समेवर मान हलवली नाही तर माणूस रांगेतून बाद.

तत्त्ववेत्त्यांनी या बाबतीत फार मदत केली आहे असं नाही. कांटनं 1790 च्या ग्रंथात संगीतावर आक्षेप घेतला की ते शेजाऱ्यावर लादलं जातं, खिशातून अत्तर लावलेला रुमाल काढला की सगळ्यांना वास घ्यावाच लागतो, तसं. हान्स्लिकनं 1854 मध्ये दोन प्रकारचे श्रोते सांगितले. एक सुरांच्या आकृती मन लावून पाहणारा. दुसरा संगीतात नुसता डुंबणारा, ऊन पाण्याच्या आंघोळीसारखा. दुसऱ्याला त्यानं जवळजवळ आजारी ठरवलं. अडोर्नोनं 1962 मध्ये श्रोत्यांची उतरंडच लावली. वर तज्ज्ञ, खाली करमणुकीसाठी ऐकणारा, त्याच्याही खाली संगीताशी देणंघेणं नसलेला. अडोर्नोच्या बाजूनं एवढं सांगितलं पाहिजे की तो दोष एकट्या श्रोत्याला देत नाही, समाजाच्या घडणीला देतो. पण उतरंड ती उतरंडच. तीत माझ्या विद्यार्थ्यानं कुठं बसायचं?

इथं मला हजार वर्षांपूर्वीचा आपला माणूस जवळचा वाटतो. काश्मीरचा अभिनवगुप्त. नाट्यशास्त्रावरच्या टीकेत तो रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगतो. त्यातलं एक असं, की प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात इतका अडकलेला असतो की समोरचं त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मी चौथ्या भागात जसा बसलो होतो, तसा. पण अभिनवगुप्त पुढं काय म्हणतो ते महत्त्वाचं. तो 'अशा माणसाला बाहेर काढा' म्हणत नाही. तो म्हणतो, म्हणून तर रंगमंडप सजवायचा, वाद्यं, गाणं, सगळं योजायचं. त्यानं मन निवळतं आणि ज्याला हृदय नाही असं वाटतं, तोही सहृदय होतो. म्हणजे सहृदय हा आत येण्याचा परवाना नाही. आत येऊन जे व्हायचं, ते सहृदय. तिकीट काढताना तुम्ही अरसिक असलात तरी चालेल, जबाबदारी सजवणाऱ्याचीही आहे.

आपला सप्ताह याच तत्त्वावर चालतो. कीर्तनाला कोण येतं? ज्ञानेश्वरी पाठ असलेला येतो, आणि शेतातून थेट आलेला, अर्धा डुलक्या घेणाराही येतो. पोरं धावत असतात. कुणी कुणाला परीक्षा देऊन बसत नाही. ध्रुपद पुन्हा पुन्हा येतं, तेव्हा डुलक्या घेणाराही जागा होतो आणि टाळी धरतो. सिंफनीतही तसंच, पहिल्या भागात एक-दोन मुख्य सुरावटी मांडतात, त्या मोडतात, फिरवतात, आणि पुन्हा घरी आणतात. फरक मोठा आहे, तो लपवत नाही. आपलं संगीत एका सुरावटीच्या रेषेवर चालतं. तिथं अनेक रेषा एकाच वेळी चालतात. सरावाशिवाय सगळ्या पकडता येत नाहीत. पण एक पकडली तरी रिकाम्या हातानं घरी जात नाही माणूस.

आणि 'तिथं आपला काय संबंध' हे तर साफ खोटं आहे. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत मुलं स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकली. तीच माणसं मुंबईत येऊन हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद झाली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं. 1958 मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला, आणि त्यात गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मधलं ते नाव प्यारेलाल यांनी गुरूला केलेला नमस्कार आहे. आपण त्यावर गणपतीत नाचलो, आणि गुरू कोण हे विचारलं नाही. मोझार्टची चाळिसावी सिंफनी 1788 ची. तिची सुरुवात सलील चौधरींनी 1961 च्या 'छाया' चित्रपटातल्या गाण्यात आणली. इथल्या प्रत्येक पन्नाशीच्या माणसानं ती रेडिओवर ऐकली आहे. तेव्हा कुणी म्हणालं नाही, मला काय कळणार.

मुंबईत मेहली मेहतांनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा सुरू केला. पुढच्याच वर्षी त्यांच्या घरी झुबिन जन्मला. 1969 मध्ये एनसीपीए ही संस्था स्थापन झाली, 1999 मध्ये तिचं नरिमन पॉइंटचं जमशेद भाभा नाट्यगृह उघडलं, 2006 मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला. हे सगळं याच महाराष्ट्रात. आणि आपल्या लग्नातल्या बँडमधलं क्लॅरिनेट? तेच वाद्य, तीच पत्ती. चायकोव्हस्कीनं ते वेगळ्या कामाला लावलं, एवढंच.

आता थोडी आपल्यावरही टीका. सहज श्रोता म्हणजे बेफिकीर श्रोता नाही. सहज या शब्दाचा मूळ अर्थ सोबत जन्मलेलं. ऐकणं हे आपल्यासोबत जन्मलेलं आहे, त्याला डिग्री लागत नाही. पण लक्ष द्यावं लागतं. मोबाईलवर चित्रीकरण करत बसलेला माणूस सहज नाही, तो गैरहजर आहे. आणि 'मला काय कळणार' यातही एक छुपा आळस असतो. नम्रतेचा सदरा घातलेला आळस. कळणार नाही असं आधीच ठरवलं की लक्ष देण्याचे कष्ट वाचतात. जाणकाराचा गर्व आणि नवख्याचा न्यूनगंड, दोघंही ऐकत नाहीत. एक स्वतःचं ज्ञान मोजत असतो, दुसरा स्वतःचं अज्ञान.

शेवटी माझ्या विद्यार्थ्याचं सांगतो. मी त्याला माझी फजिती सांगितली. तो पोट धरून हसला, आणि मग म्हणाला, 'सर, तुमचं असं झालं तर माझं काय घेऊन बसलात? चला.' आम्ही गेलो. अगदी मागच्या, स्वस्त जागा. ड्वोर्झाकची नववी सिंफनी होती, 'फ्रॉम द न्यू वर्ल्ड', तीही 1893 चीच, न्यूयॉर्कला पहिल्यांदा वाजलेली. दुसऱ्या भागात एक फुंकवाद्य संथ सुरावट घेतं. तो कानाशी येऊन म्हणाला, 'बासरी नाही, सनई नाही, पण ओळखीचं वाटतंय.' मी त्याला गप्प केलं. हो, मीच! (हशा)

बाहेर आल्यावर मी विचारलं, काय आवडलं? मला वाटलं, ती सुरावट सांगेल. तो म्हणाला, 'सर, मागं तो झांजवाला होता बघा. सगळा वेळ बसून होता. मी म्हटलं, याला काम तरी आहे का? शेवटच्या भागात उठला, एकदाच वाजवली, तीपण हळू, आणि बसला. पण सर, तो मधल्या वेळात मोकळा नव्हता. तो मोजत होता.'

मी घरी येऊन तपासलं. खरंच, त्या पूर्ण सिंफनीत झांजेचा आघात एकच आहे. मला तो दिसलाही नव्हता. त्याला दिसला, कारण तो गावी टाळकरी आहे, आणि मुंबईत त्याचं निम्मं आयुष्य वाट बघण्यात जातं. त्याला काय कळणार, असा प्रश्न होता. मला जे कळलं नाही, ते कळलं.

(टाळ्या)

श्रोत्यांच्या प्रश्नांतून :

प्रश्न : सर, मग मध्ये टाळ्या वाजवायच्या की नाही? एकच काय ते सांगा.

उत्तर : वाजवू नका. (हशा) कंडक्टरचे हात पूर्ण खाली येईपर्यंत आणि तो तुमच्याकडं वळेपर्यंत थांबा. पण चुकून वाजल्या तर तिथंच विषय सोडा आणि पुढचा भाग ऐका. आणि शेजारच्यानं वाजवल्या तर त्याच्याकडं बघू नका. हे तिसरं जास्त महत्त्वाचं.

प्रश्न : आपल्याकडं, बीडला, असा वाद्यवृंद कधी येईल का?

उत्तर : खोटी आशा देत नाही. ऐंशी माणसं, त्यांची वाद्यं, आणि माईकशिवाय आवाज पोचेल असं सभागृह, हा खर्च मोठा आहे. पण मुंबई-पुण्याला आपली पोरं हजारोंनी आहेत. त्यातल्या एकानं जरी एकदा तिकीट काढलं आणि गावी येऊन पारावर सांगितलं, तरी माझं आजचं येणं सार्थकी लागलं. घाटातून सांभाळून जा, उशीर झाला आहे.